दोन ॲम्ब्रोज

थर्लशॅम, सफोक
ऑगस्टचा दुसरा रविवार

प्रिय ज्युलियन,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, आई बरी आहे. सकाळी तिनं अंडं खाल्लं, टोस्टच्या कडा नेहमीसारख्या बशीखाली लपवल्या आणि आत्ता खिडकीपाशी खुर्चीत डुलकी घेते आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण रविवारचा फोन तिचा असतो. मी तो लावून तिच्या हातात देतो, पाठीशी उशी सरकवतो आणि आत जाऊन बटाटे भाजायला टाकतो. मला जे सांगायचं आहे ते स्वयंपाकघरातून ओरडून सांगण्यासारखं नाही.

तुझ्या दगडाचं सगळं ठरलं आहे. सुगीच्या रविवारी, चर्चमध्ये भोपळे आणि पाव मांडतात त्या दिवशी, मनोऱ्याखाली घंटांचे दोर लोंबतात त्या भिंतीत तो बसवायचा, आणि तू तिकडून पडद्यावर हजर राहायचं. हिलरीबाईंनी, म्हणजे आपल्या नव्या पाद्रीबाईंनी, मला मजकूर वाचून दाखवला. 'राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळात या मनोऱ्याला तिसरी घंटा देणारे कापडव्यापारी ॲम्ब्रोज गॅरड यांच्या स्मरणार्थ. त्यांचा शोध त्यांचे वंशज ज्युलियन गॅरड, कॅल्गरी, यांनी घेतला.' मी म्हटलं, छान आहे. त्या म्हणाल्या, "रोलंड, तुमचंही नाव घालू या का?" मी म्हटलं, "माझं कशाला? मी नुसती वाजवतो." त्या हसल्या आणि कागद घडी करून ठेवला. त्या आणखी एकदा विचारतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

गावाला तर दुसरा विषय नाही. म्यूरियल फुलं मांडायला आली की माझ्यामागे लागते. "तुझ्या भावानं किती कष्ट घेतले रे! दिवसभर नोकरी करून, इतक्या लांब बसून, चारशे वर्षांपूर्वीचा माणूस शोधून काढायचा म्हणजे! आणि तू इथे त्याच घंटेखाली उभा असतोस, तुला कधी वाटलं नाही बघावंसं?" मी म्हटलं, मी दोराकडे बघत असतो, वर बघितलं की ताल चुकतो. पबमध्ये क्लेम मला पाहिलं की उठून टोपी काढतो. "या सरकार, कापडाचे व्यापारी आले! यांना पहिला प्याला द्या, यांचे पणजोबा राणीला परकर पुरवायचे." सगळे हसतात, मीही हसतो. एकदा तो म्हणाला, "पण खरं डोकं धाकट्याचं. थोरल्याचे फक्त हात." क्लेमच्या मनात वाईट नसतं. तो माझ्याबरोबर घंटा वाजवतो, माझ्या शिडीचं टोक धरून उभा राहतो. तरी ते वाक्य घेऊन मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी टिमवर्थांच्या छपरावर लव्हाळ्याच्या पेंढ्या ठोकताना त्या प्रत्येक पेंढीला ते ऐकवलं.

मनातलं लिहायचंच ठरवलं आहे तर नीट लिहितो. ती घंटा मला माझी वाटायची. बाबांनी मला दोर हातात दिला तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून तिसरी घंटा माझी. वर्षातून एकदा मी वर चढतो, कबुतरांची घाण खरवडतो, लाकडी चाकाला तेल देतो, आणि जाता जाता घंटेच्या अंगावरच्या त्या नावावरून हात फिरवतो. ॲम्ब्रोज गॅरड. अक्षरं थंड आणि जाड आहेत, 'डी'च्या पोटात हिरवा गंज बसलेला असतो. नाव आपलं आहे हे मला कायम ठाऊक होतं. तो आपल्या कुळातला कसा, कुणाचा कोण, हे विचारायचं मात्र कधी सुचलं नाही. आपल्या माणसाचा शोध काय घ्यायचा, असं वाटत असावं. आणि मग तू, ज्यानं त्या मनोऱ्याची पायरी चढून वीस-पंचवीस वर्षं झाली, बर्फ पडणाऱ्या शहरात संगणकासमोर बसून त्याला शोधलंस, आणि तो तुझा झाला.

तुला आठवतं का, तू लहान असताना हट्टानं माझ्याबरोबर मनोऱ्यात आला होतास? घंटा वर जाऊन उलटली की दोर सोडायचा, हे मी सांगत होतो आणि तू ऐकत नव्हतास. दोरानं तुला उचललं. तुझे बूट माझ्या तोंडासमोरून वर गेले. मी दोर दोन्ही हातांनी धरला, तो माझ्या तळव्यांतून सरकत गेला, आणि तू माझ्या अंगावर येऊन पडलास. तुला काही झालं नाही. आई धावत आली, तुला छातीशी घेतलं, पायांपासून डोक्यापर्यंत चाचपलं, रडली. मी बाजूला हात काखेत दाबून उभा होतो. रात्रीच्या जेवणाला मला काटा धरता येईना, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. "अरे देवा, रोली, तू बोलला का नाहीस?" म्हणाली, आणि लोणी लावलं. लोण्याची आठवण मला अजून आहे. फार प्रेमानं लावलं तिनं. पण ते आधी लावलं नाही, हेही आठवतं.

पुढे तू परीक्षा देऊन शहरातल्या शाळेत गेलास, मी गावच्याच शाळेत राहिलो. बाबा छपरावरून पडले त्या वर्षी मी शाळा सोडली आणि त्यांची शिडी घेतली. यात कुणी कुणावर अन्याय केला नाही. तुला पुस्तकं आवडायची, मला उंची. तू परदेशी गेलास तेव्हा मी स्टेशनवर तुझी बॅग उचलली होती आणि मला खरंच अभिमान वाटला होता. लग्न माझं राहून गेलं, तेही कुणामुळे नाही. हे सगळं मी देवासमोर गुडघ्यावर बसून बऱ्याचदा तपासून पाहिलं आहे. तक्रार सापडत नाही. हेवा तेवढा सापडतो. दोन्ही एकच असतं असं मला वाटायचं, पण तसं नाही. तक्रारीला कारण लागतं.

रविवारी फोनची वेळ झाली की आई आरसा मागते. ओठांना रंग लावते. तू तिला पाहू शकत नाहीस हे मी सांगितलं तर म्हणते, "आवाजावरून कळतं रे." मग तू बोलतोस आणि तिचा चेहरा असा खुलतो की मला तिकडे पाहवत नाही. माझ्यासमोर दिवसभर ज्या बाईला चमचा उचलायचा कंटाळा असतो, तीच तुझ्याशी बोलताना हातवारे करते. ख्रिसमसच्या आधी एकदा फोन ठेवून मला म्हणाली, "ऐकलंस का, आपल्या पूर्वजांकडे मेंढ्या होत्या! ज्युलियननं शोधून काढलं." मेंढ्यांचं मी तिला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. चर्चमागच्या कुरणाला आजही गॅरडांचा मेंढवाडा म्हणतात, शाळेतल्या पोरांनासुद्धा ठाऊक आहे. तेव्हा ती नुसतं "हो का?" म्हणाली होती आणि सूप थंड झालं म्हणून कुरकुरली होती.

तर जूनमध्ये पावसानं काम थांबलं तेव्हा मी इप्सविचच्या दप्तरखान्यात गेलो. घरी सांगितलं की दातांच्या डॉक्टरकडे जातो. कशाला गेलो तेही सांगतो. तू पाठवलेल्या वंशावळीत मला एक चूक सापडायला हवी होती. एक पुरे होती. हिलरीबाईंकडे जाऊन, टोपी हातात धरून, अगदी नम्रपणे ती दाखवायची, एवढंच माझ्या मनात होतं.

तिथे बर्निस नावाच्या एक बाई आहेत. चष्मा दोरीला, हातात पेन्सिल, पेनाला बंदी. त्यांनी मला आपल्या चर्चची जुनी बाप्तिस्म्यांची पानं पडद्यावर लावून दिली. ते अक्षर म्हणजे कोंबडीनं मातीत पाय ओढावेत तसं. पहिला दिवस मला 'थॉमस' सुद्धा वाचता आला नाही. नंतर सरावलो. तू लिहिलं होतंस तसंच सगळं होतं. थॉमस गॅरडचा मुलगा ॲम्ब्रोज, बाप्तिस्मा झाला. तीन वर्षांनी पुन्हा थॉमस गॅरडचा मुलगा ॲम्ब्रोज, बाप्तिस्मा झाला. पहिल्यापुढे तू लिहिलं होतंस, 'बालपणी निधन, नाव दुसऱ्याला दिलं.' कुणीही तेच लिहिलं असतं, मीही लिहिलं असतं. एक मूल गेलं की त्याचं नाव पुढच्याला द्यायचे, आपल्या आजीच्याच घरात तसं झालं होतं. फक्त मला चूक हवी होती, म्हणून मी त्या पहिल्या बाळाचं दफन शोधायला लागलो. ते सापडेना. थॉमसची एक मुलगी पुरल्याची नोंद होती, घरातला एक गडी पुरल्याची होती, वादळात सापडलेल्या एका अनोळखी भटक्याचीसुद्धा होती. ॲम्ब्रोज कुठेच पुरलेला नव्हता.

मी बर्निसबाईंना म्हटलं, "हे लोक लिहायला विसरले की काय?"

त्या म्हणाल्या, "किंवा तो मेलाच नाही."

"मग एका घरात दोन ॲम्ब्रोज?"

"असायचे की. तेव्हा बाळाचं नाव आईबाप ठेवत नसत. बाप्तिस्म्याला जो धर्मबाप म्हणून उभा राहील तो नाव देणार, आणि बहुधा स्वतःचंच देणार. तोच धर्मबाप दोनदा आला तर दोन भावांचं एक नाव. माझ्या पाहण्यात एका बापाचे तीन जॉन आहेत, तिघंही जिवंत, तिघंही भांडखोर."

"मग जेवायला हाक कशी मारायचे?"

"थोरला, धाकटा. नाहीतर," त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "एक हाक, आणि दोघंही पळत."

त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी थॉमसचं मृत्युपत्र काढून ठेवलं होतं. त्यांनी वाचलं, मी ऐकलं. 'माझा मुलगा ॲम्ब्रोज थोरला, जो लंडनला कापडाच्या धंद्यात आहे', असं एकीकडे होतं. बाकीचं बर्निसबाईंनी दुसऱ्या कागदांवरून सांगितलं. त्या थोरल्याला धर्मबापानं आपल्या दुकानात नेलं होतं, पुढे तोच मोठा झाला, त्यानंच गावाला घंटा पाठवली. त्याची मुलं लंडनच्या एका साथीत गेली. त्याचा वंश तिथेच संपला. आणि मृत्युपत्रातच दुसरीकडे, 'माझा मुलगा ॲम्ब्रोज धाकटा, जो घरी आहे'. त्याला जमीन, मेंढ्या, आणि एक अट. त्यानं आपल्या आईला तिच्या हयातीपर्यंत अंगणाकडची खोली द्यावी, खाणंपिणं द्यावं, आणि तिच्या खोलीत विस्तव पेटता ठेवावा. ज्युलियन, आपण या धाकट्याचे. आपले सगळे गॅरड त्याच्यापासून आले आहेत. तू दोन माणसं एक समजून जोडलीस. घंटा ज्यानं दिली तो आपला मूळपुरुष नव्हे, त्याचा भाऊ आपला. दगडावर जे कोरायचं आहे ते खरं नाही.

त्या दिवशी मला जो आनंद झाला तो चांगल्या जातीचा नव्हता. गाडी चालवताना मी मोठ्यानं गात होतो. विस्तव पेटता ठेवणारा आपला पूर्वज! जो घरी राहिला तो! मला वाटलं, देवानं चारशे वर्षांपूर्वीच माझ्या बाजूनं निकाल लिहून ठेवला होता, फक्त मला वाचायला उशीर झाला. म्यूरियलला काय सांगायचं, क्लेमला काय सांगायचं, सगळी वाक्यं तयार झाली. पडद्यावर तू दिसत असताना सगळ्यांसमोर उठून बोलायचं, असंही एकदा मनात आलं.

बुधवारी घंटांचा सराव होता. आम्ही सहा जण वर्तुळात उभे, मी तिसऱ्या दोराशी. वाजवताना मला त्या धाकट्याचा विचार आला. तो कुठे असेल? मेंढवाड्यात, नाहीतर आईच्या खोलीत लाकडं सारत. आणि ही घंटा पहिल्यांदा वाजली असेल. गावातल्या लोकांनी वर बघितलं असेल, म्हणाले असतील, ॲम्ब्रोजनं दिली बरं, काय माणूस आहे! घंटेवर त्याचंच नाव होतं. अक्षर न् अक्षर त्याचं. आणि सगळ्या गावाला माहीत होतं की तो हा नव्हे, दुसरा. लंडनचा भाऊ वर्षातून एखादा निरोप पाठवत असेल आणि म्हातारी शेजारणींना सांगत असेल, माझ्या ॲम्ब्रोजनं असं कळवलंय. ते ऐकत हा चुलीपाशी खाली वाकला असेल. रोज, प्रत्येक उपासनेला, प्रत्येक मयताला, डोक्यावर आपल्याच नावाचा आवाज ऐकायचा आणि तो आपला नव्हे हे जाणायचं. माझा ताल चुकला. दोर हातातून निसटला, क्लेम ओरडला, "थोरल्या, हात तरी जागेवर ठेव!" मी तब्येतीचं निमित्त सांगून घरी आलो.

तेव्हापासून मी कुणाला काही बोललो नाही. पाथरवटाला मात्र जाऊन सांगितलं की थोडं थांब. दगड अजून कोरा आहे.

आईला तेवढं सांगितलं. कुणाला तरी सांगणं भाग होतं. मागच्या रविवारी, तुझा फोन झाल्यावर, तिचे पाय गरम पाण्यात सोडून मी तिला दोन ॲम्ब्रोजची गोष्ट सांगितली. धर्मबाप, थोरला, धाकटा, लंडन, घंटा, विस्तव. मला वाटलं ती झोपली. पण तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "त्या बाईचं बरं होतं. एक हाक मारली की जो जवळ असेल तो यायचा. जो लांब आहे त्याचंही नाव तोंडात राहायचं." मग ओलं बोट माझ्या गालाला लावून म्हणाली, "किती छान गोष्ट शोधलीस, ज्युलियन. तू लांबून येतोस, माझे पाय धुतोस. दमत नाहीस का राजा?"

ही गोष्ट मी तुला आजवर सांगितली नव्हती. फोनवर ती तुला बरी वाटते कारण तुझ्याशी बोलताना तिचं काही चुकत नाही. तू ज्युलियन असतोस आणि ती तुला ज्युलियन म्हणते. पण ख्रिसमसपासून ती मलाही ज्युलियनच म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी तिला औषध देत होतो. मला वाटलं जीभ घसरली. मी म्हटलं, "आई, मी रोली." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती घाबरली. चुकून परक्याच्या घरात शिरल्यासारखी माफी मागायला लागली, मला 'तुम्ही' म्हणाली. अंगावरची शाल घट्ट ओढून घेतली. तिला पुन्हा शांत करायला मला अर्धी दुपार लागली, आणि शेवटी ती कशानं शांत झाली असेल तर मी म्हटलं, "मी आहे ना, ज्युलियन." मग तिनं शाल सोडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुरुस्त करू नका, ती घाबरेल असं काही करू नका. मी दुरुस्त करायचं सोडलं. आता मी त्या नावाला ओ देतो. तुझ्या नावानं तिचे केस विंचरतो, तुझ्या नावानं तिला पलंगावर उचलतो, आणि ती तुझ्या नावानं माझ्या कपाळाचा मुका घेते. लहानपणी तिनं मला जितके घेतले नाहीत तितके या वर्षात घेतले असतील. मी ते सगळे घेतो, ज्युलियन. ते तुझे आहेत हे माहीत असूनही एकही परत करत नाही.

आणि माझं नाव? ते ती कुणालाच देत नाही. रोली कुठे आहे, जेवला का, छपरावरून उतरला का, असं काही विचारत नाही. मी वाट बघून पाहिलं. मुद्दाम दाराशी शिडी टेकवून ठेवली, बाबांची टोपी खुंटीला अडकवली. टोपी पाहून ती बाबांबद्दल बोलली. तुझ्याबद्दल तर बोलतेच. मी तिच्या घरात आता फक्त हात म्हणून उरलो आहे, आणि हातांवर नाव तुझं आहे. त्या धाकट्या ॲम्ब्रोजला निदान दोघांत मिळून एक नाव होतं. आमच्या घरात आता दोन ज्युलियन आहेत आणि रोली एकही नाही.

तर या पत्राचं कारण लिहितो. सुगीच्या रविवारी पडद्यावर येऊ नकोस. स्वतः ये. दगडासाठी मी बोलावत नाही, दगडावर काय लिहायचं ते तू आल्यावर मिळून ठरवू, दोघांची नावं घालू, नाहीतर कोराच बसवू. आईला तुझी आठवण येते म्हणूनही नाही, तिच्या हिशेबी तू इथेच आहेस. मी माझ्यासाठी बोलावतो आहे. तू तिच्या खिडकीपाशी बस, तिचा हात धर, तुझं नाव तुझं तू परत घे. मी तेव्हा मनोऱ्यात असेन. उपासनेआधी आम्ही वाजवतो तेव्हा खिडकी उघडी ठेव, तिसऱ्या घंटेचा आवाज तिला अजून ओळखता येतो, मान हलते तिची. ज्युलियन तर समोर बसलेला असेल. मग दोर ओढणारा दुसरा कुणीतरी असायला हवा, एवढं तिच्या मनात आपोआप येईल, निदान मी तशी प्रार्थना करतो आहे. ती तुला विचारेल, कोण वाजवतंय रे? तू लगेच सांगू नकोस. थोडं थांब. तिच्या तोंडात माझं नाव येतं का बघ. आलं तर ते पुन्हा तुलाच ऐकायला मिळेल, मला नाही, आणि त्याचाही मला हेवा वाटेलच. तरी थांब. मी वाजवून घरी आलो की दारातच मला सांग, काय म्हणाली, आणि कशी म्हणाली. नाही म्हणाली तर तेही खरं सांग.

तुझाच,
रोली